मोठ्या जठरव्रणावरील शस्त्रक्रिया व देखभाल

मोठा जठरव्रण म्हणजे जठराच्या अस्तरात खोल गेलेली, साधारण 3 सेंटिमीटरहून रुंद जखम; बोलीत ‘मोठा अल्सर’. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आणि डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या ही मुख्य कारणे. धूम्रपानाने भर पडते. नाशिकमध्ये दोष बहुधा मिसळीच्या तर्रीवर ढकलला जातो. तिखटाने जळजळ वाढते, पण व्रण तर्रीने पडत नाही. द्राक्षबागेच्या छाटणीत कंबर धरली म्हणून रोज घेतलेली डायक्लोफेनॅकची गोळी अधिक घातक. ती जेवून घेतली तरी धोका उरतोच, कारण औषध रक्तात गेल्यावरही अस्तराचे संरक्षण कमी करते.

जठरातले आम्ल कमी करणारी ओमेप्राझोलसारखी औषधे आल्यापासून शस्त्रक्रिया कमी झाल्या. आता शस्त्रक्रिया व्रण फुटून आरपार छिद्र पडल्यास, तोंडातून घातलेल्या दुर्बिणीतूनही रक्तस्राव न थांबल्यास, जठराचे आतड्याकडचे तोंड आवळल्यास किंवा कर्करोगाचा संशय असल्यास करतात. फुटलेल्या व्रणात पोट एकाएकी फळीसारखे कडक होते. अशा वेळी पित्त समजून लिंबू-सोडा पाजत बसू नये. पेठ-सुरगाण्याहून घाटरस्त्याने नाशिकला पोहोचायला मुळातच वेळ लागतो, आणि तेवढ्यात पोटात संसर्ग पसरत जातो.

छिद्र लहान असल्यास त्यावर वपेचा, म्हणजे आतड्यांवरच्या चरबीच्या पदराचा, तुकडा टाक्यांनी बसवतात. मोठ्या छिद्राच्या कडा टाके धरत नाहीत. मग व्रणासह जठराचा भाग काढून उरलेला भाग लहान आतड्याला जोडावा लागू शकतो. असे जठरछेदन शल्यविशारद थिओडोर बिलरोथ यांनी व्हिएन्नात 1881 मध्ये यशस्वी केले, तेही कर्करोगासाठी. व्रणाच्या कडेचा तुकडा तपासणीला पाठवणे टाळू नये. व्रणासारखा दिसणारा कर्करोगही निघतो.

शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला तोंडाने काही देत नाहीत. नाकातून नळी, शिरेतून सलाइन. आतडी चालू झाली की घोट घोट पाणी, मग भाताची पेज. जठर कापलेल्याने एकदम भरपेट न जेवता थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा खावे आणि पाणी जेवणाबरोबर न पिता मागाहून प्यावे. गोड चहा, द्राक्षरस, श्रीखंड यांनी अन्न आतड्यात भसकन उतरते आणि घाम, धडधड, जुलाब सुरू होतात. घरचे त्याला अशक्तपणा समजून आणखी गोड देतात, हे हमखास घडते. जंतू सापडल्यास प्रतिजैविकांचा पूर्ण क्रम, तो संपल्यावर किमान 4 आठवड्यांनी जंतू गेल्याची चाचणी. व्रण कापून काढलेला नसेल तर काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण. जठराचा मोठा भाग गेलेल्यांना बी-12 आणि लोह यांची कमतरता बऱ्याच काळाने, कधी काही वर्षांनी जाणवते. त्यांची रक्ततपासणी टाके भरल्यानंतरही चालू ठेवावी लागते.