परवाना खिशात, पण वाट कुणाची?

सारंगखेड्याच्या बॅरेजमागे तापीचं पाणी छान पसरलेलं असतं. हिवाळ्यात मी तिथे अधूनमधून माझी कयाक, म्हणजे वल्ह्याने चालणारी छोटी अरुंद बोट, घेऊन जातो. मागच्या हिवाळ्यात ओळखीतले एक गृहस्थ नवी कोरी मोटरबोट घेऊन तिथे उतरले आणि पाण्यावर तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांच्या रांगेकडे सुसाट निघाले. आपल्याकडे अशी रांग दिसली की खाली जाळं आहे हे समजायचं असतं. होडीत बसलेले मच्छीमार काका ओरडले, "ओ भाऊ, तठे जाळं शे!" गृहस्थांनी मोटर बंद केली नाही. उलट ओरडून सांगितलं, "माझ्याकडे परवाना आहे!"

त्या एका वाक्यात दोन घोटाळे होते, आणि पाण्यावर हौसेने येणाऱ्या बहुतेकांचे हेच दोन घोटाळे होतात.

पहिला सोपा आहे. खिशातला कागद बोटीचा होता, त्यांचा नव्हता. मोटरसायकलला आरसी बुक असतं आणि चालवणाऱ्याला लायसन. आरसी दाखवून कुणी "मला गाडी येते" म्हटलं तर चौकातला पोलीससुद्धा हसेल. पाण्यावर मात्र हे सर्रास चालतं. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय जलयानांचा २०२१ चा कायदा आला, तो या गोष्टी वेगवेगळ्या ठेवतो. यंत्रावर चालणाऱ्या बोटीची तपासणी निराळी, नोंदणी निराळी, विमा निराळा आणि ती चालवणाऱ्याचं सक्षमतेचं प्रमाणपत्र आणखी निराळं. आपल्या राज्यात बोटींच्या नोंदणीचं काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे येतं. समुद्र इथून कितीतरी लांब, पण तापीतल्या बोटीचा कागद सागरी मंडळाचा, ही गंमत मला अजून पचलेली नाही.

वर पाणी कुणाचं हा प्रश्न उरतोच. धरणाचं पाणी जलसंपदा खात्याचं, मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेचा, आणि अनेर धरणासारख्या ठिकाणी भोवती अभयारण्य असलं की वनखातंही आलं. बोट कायदेशीर असली म्हणून प्रत्येक जलाशयात उतरवता येते असं नाही. ते आधी विचारून घ्यावं.

दुसरा घोटाळा जास्त खोल आहे, म्हणून तिथे थोडं थांबतो. समजा, गृहस्थांकडे स्वतःचं प्रमाणपत्रही असतं, तरी जाळ्यावरून जायचा हक्क त्यातून मिळाला नसता. परवाना सांगतो की तुम्ही पाण्यावर यायला लायक आहात. समोरासमोर आल्यावर कोणी बाजूला व्हायचं, हे ठरवणारी गोष्ट अगदी वेगळी आहे. ती काही ठिकाणी लिहिलेला नियम असते, काही ठिकाणी नुसती रीत.

लिहिलेला भाग जहाजांच्या टकरी टाळण्यासाठी केलेल्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांमधून येतो. ते समुद्रासाठी आणि समुद्री जहाजं जिथवर येऊ शकतात त्या पाण्यासाठी केलेले आहेत. सारंगखेड्याला कुठलं जहाज येणार? तरीही जगात कुठेही छोटी बोट चालवायला शिकवताना पाया तोच असतो. मोटरबोटी समोरासमोर आल्या तर दोघींनी उजवीकडे वळायचं. मोटरबोटींच्या वाटा एकमेकींना छेदत असतील तर जिच्या उजव्या हाताला दुसरी दिसते तिने वाट द्यायची. रात्री हे लक्षात ठेवायला सोपं पडतं: बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. उजवीकडून आडवी येणाऱ्या बोटीचा लाल दिवा आपल्याला दिसतो, म्हणजे थांबायचं आपण. मागून पुढे जाणाऱ्याने पुढच्याला सांभाळून जायचं, मग तो कोणीही असो. मोटरवाल्याने शिडाच्या बोटीला वाट द्यायची, आणि जाळं टाकून मासेमारी करणाऱ्यालाही द्यायची. म्हणजे काकांचं ओरडणं ही नुसती विनंती नव्हती.

'उजवीकडे वळा' या नियमात आपल्या माणसाची एक खास अडचण आहे. आपला हात जन्मभर रस्त्याच्या डाव्या बाजूने जायला सरावलेला असतो. घाबरल्यावर तो डावीकडेच जातो. समोरच्याने पाण्याचा नियम पाळला आणि आपण धुळे-शिरपूर हायवेचा, तर दोघेही एकाच बाजूला येऊन आदळायचे. मी स्वतः पहिल्या वर्षी दोनदा असा डावीकडे गेलो आहे. समोर मोटर नव्हती म्हणून निभावलं.

वाट मिळणाऱ्याच्या डोक्यावरही ओझं असतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ज्याला वाट मिळाली त्याने आपली दिशा आणि वेग तसाच ठेवायचा, म्हणजे दुसऱ्याला अंदाज येतो. पण समोरचा हलतच नाही असं दिसलं तर त्यानेच टक्कर टाळायची. "वाट माझीच होती" हे बुडाल्यावर सांगायचं वाक्य झालं.

आता माझ्या कयाकचं बघा. वल्ह्यांची बोट कुणापुढे मोठी आणि कुणापुढे लहान, हे त्या १९७२ च्या नियमांत कुठेच सांगितलेलं नाही. शीड आहे, मासेमारी आहे, मोटर आहे. वल्हं येतं ते रात्रीच्या दिव्यांपुरतं. मग मोटरबोट आम्हाला वाट का देते? बहुतेक वेळा ती रीत असते. आणि त्याच नियमांत एक कलम असंही आहे की नावाड्यांच्या नेहमीच्या सावधगिरीत कसूर केली तर नियमाकडे बोट दाखवून सुटका नाही. रीत आणि नियम एकमेकांत मिसळतात ते इथे. मला हे कलम सगळ्यात जास्त आवडतं. कायदा करणाऱ्यांनी त्यात सरळ कबूल करून टाकलंय की सगळं लिहून होत नाही.

उलट बाजूचा घोटाळाही सांगतो, कारण तो आम्हा वल्हेवाल्यांचा आहे. मोटर नाही, म्हणजे मोटरबोटीसारखे कागद नाहीत, म्हणजे आपल्याला कसले नियम? बिनयंत्राच्या नावांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांनी ठेवावी असं नवा कायदा म्हणतो, हे एक. दुसरं असं की चारी बाजूंनी नजर ठेवणं आणि झेपेल इतक्याच वेगाने जाणं हे नियम बोट बघून सूट देत नाहीत. २०१९ च्या मकर संक्रांतीला धडगाव तालुक्यात भुषा इथे नर्मदेत माणसांनी खच्चून भरलेली नाव उलटली आणि लोक प्राणाला मुकले. नावेत किती माणसं घ्यायची, हा कागदाच्या आधीचा प्रश्न आहे.

लाटांचं मात्र जवळपास सगळं रीतीवरच चालतं. मोटरबोट जोरात जाते तेव्हा तिचं नाक वर आणि अंग हलकं असतं. होडी जवळ आल्यावर चालक घाईत अर्धाच वेग कमी करतो, मग शेपूट पाण्यात रुतते आणि सगळ्यात मोठी लाट तेव्हाच उठते. त्याला वाटतं आपण सभ्यपणा केला, आणि होडीतला माणूस भिजतो. वेग लांबूनच कमी करायचा आणि पुरता कमी करायचा. तापीवरच्याच हतनूर धरणावर थंडीत परदेशातून पक्षी येतात, काठाच्या उथळ पाण्यात त्यांचे थवे बसलेले असतात. तिथे ही लाट कुणाला उठवते ते बघायला पक्षीमित्र असायची गरज नाही. पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे उघडायची वेळ आली की मग कुणाचीच वाट चालत नाही, तेव्हा काठावर राहावं.

राहिली सारंगखेड्याची गोष्ट. बोट बाटल्यांवरून गेली आणि थोड्याच अंतरावर मोटर घरघरून बंद पडली. पंख्याला नायलॉनचं जाळं घट्ट गुंडाळलं गेलं होतं. बोटीत ना सुरी, ना वल्हं. परवाना तेवढा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा होता. काकांनी पाच मिनिटं काही न बोलता उरलेलं जाळं ओढून घेतलं, मग दोर फेकला आणि वल्हवत त्यांना घाटापर्यंत आणलं. काकांच्या होडीवर कसलाही नंबर नव्हता.