शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळचा चहा : रुग्णांसाठी व घरच्या मंडळींसाठी माहितीपत्रक

आमच्या केंद्रात हर्निया, पित्ताशयातील खडे, मूळव्याध आणि पायांच्या फुगलेल्या शिरा यांवरील शस्त्रक्रिया होतात, आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी घरी जातात. तारीख ठरवताना जवळजवळ प्रत्येक कुटुंब आम्हाला एक प्रश्न विचारते : "दुर्बिणीतूनच करणार ना, मग उपाशी कशाला राहायचे?" आणि उपाशी राहण्याची सूचना लेखी देऊनही आठवड्यातून एखादा रुग्ण सकाळी चहा घेऊन येतोच. या दोन्ही गोष्टींचे उत्तर एकच असल्यामुळे हे पत्रक छापले आहे. ते फाइलमध्ये ठेवून न देता घरात ज्यांच्या हाती चूल आहे त्यांना वाचायला द्यावे, कारण चूक बहुधा रुग्णाकडून होत नाही, तर त्याच्या काळजीपोटी पहाटे उठून चहा ठेवणाऱ्याकडून होते.

आधी नियम सांगतो. जेवण, नाश्ता, बिस्किटे, फळे, दूध आणि दुधाचा चहा किंवा कॉफी भूल देण्याच्या वेळेआधी किमान सहा तास बंद. मटण, चिकन, तळलेले किंवा तेलकट जेवण किमान आठ तास आधी संपलेले असावे. साधे पाणी, बिनदुधाचा कोरा चहा किंवा लगदा राहणार नाही असे गाळलेले सरबत मात्र दोन तास आधीपर्यंत घेता येते. उसाचा रस, ताक आणि नाचणीची आंबील या सवलतीत मोडत नाहीत. हे तास आमच्या मनचे नाहीत. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या आणि त्यानंतर २०११, २०१७ व २०२३ मध्ये तपासून पाहिलेल्या मार्गदर्शक सूचनांत हेच अंतर दिलेले आहे. गरोदर स्त्रिया, छातीत वरचेवर आंबट पाणी येणारे रुग्ण, आतड्याला अडथळा असलेले रुग्ण आणि अनेक वर्षांचा मधुमेह असलेले रुग्ण यांचे पोट सावकाश रिकामे होऊ शकते, म्हणून त्यांना भूलतज्ज्ञ वेगळी वेळ सांगतात आणि ती वेळच त्यांनी पाळायची.

पूर्ण भूल दिल्यावर माणसाचा ठसका बंद होतो. एरवी पाण्याचा थेंब श्वासनलिकेकडे गेला तरी आपण खोकून तो बाहेर टाकतो. भुलेत ते होत नाही, आणि पोटातले आम्ल किंवा अन्न वर येऊन फुप्फुसात उतरू शकते. न्यूयॉर्कमधील डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली बाळंतपणात भूल दिलेल्या ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदींतून असे ६६ प्रसंग शोधून प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून भुलेआधी पोट रिकामे ठेवण्याच्या नियमाला शिस्त आली. असा प्रसंग आज क्वचितच घडतो. पण तो क्वचित घडतो याचे एक मोठे कारण रुग्ण उपाशी येतात हेच आहे.

आता दुर्बिणीकडे वळू. भारतात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढले, आणि ज्या शस्त्रक्रियेसाठी वीतभर चीर आणि मोठा मुक्काम लागत असे ती चार लहान छिद्रांवर आली. जखम लहान झाली म्हणून भूल लहान झाली, असा समज मात्र तेव्हापासून लोकांत रुजला आहे आणि तो चुकीचा आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आत काम करायला जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून ते फुग्यासारखे उचलावे लागते. हा दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो आणि तो जठरालाही दाबतो. शिवाय हर्नियाच्या वेळी टेबल डोक्याकडून खाली झुकवावे लागते. म्हणजे बाहेरून दिसायला लहान असलेल्या या शस्त्रक्रियेत पोटातले वर ढकलले जाण्याला वावच अधिक असतो. "नुसती छिद्रेच पाडणार" म्हणून चहा घेऊन येणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे. लेसरने मूळव्याध किंवा पायांच्या शिरा करतानाही लेसर हे हत्यार असते, भूल नसते. कमरेतून सुई देऊन भूल द्यायचे ठरले असले तरी ती पुरेशी लागली नाही तर पूर्ण भूल द्यावी लागते, म्हणून पोट तिथेही रिकामेच हवे.

"आमच्या शेजारणीने मोतीबिंदूच्या दिवशी पोहे खाल्ले होते" हेही आम्ही पुष्कळदा ऐकतो, आणि त्यात खोटे काही नसते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आज बहुधा डोळ्यांत थेंब घालून होते आणि रुग्ण पूर्ण जागा असतो, त्यामुळे अनेक नेत्रतज्ज्ञ उपाशी राहायला सांगतच नाहीत. दाताचेही तसेच. पण डोळ्याचा नियम पोटाला लावता येत नाही. गुडघा बदललेला माणूस हल्ली त्याच दिवशी चार पावले चालतो, याचे काही श्रेय सोनोग्राफीत पाहून नेमक्या मज्जातंतूजवळ दिलेल्या भुलेला जाते. मात्र तोही सकाळी उपाशीच आलेला असतो.

याच्या उलट चूक करणारी मंडळीही आहेत, आणि त्यांच्याविषयी थोडे अधिक लिहायला हवे. रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही, हा जुना नियम अजून घराघरांत पाठ आहे. सत्तरीच्या आजी रात्री आठला भाकरी खाऊन झोपतात, सकाळी अकराला त्यांची पाळी येते, आणि तोवर ओठ सुकलेले, डोके ठणकणारे आणि सलाईन लावायला शीर सापडत नाही अशी त्यांची अवस्था होते. साधे पाणी निरोगी पोटातून सुमारे दहा ते वीस मिनिटांत निम्मे पुढे सरकते; दोन तासांनी त्याचा धोका उरत नाही. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात शस्त्रक्रियेनंतर लवकर बरे होण्याची जी पद्धत मांडली, तिच्यातूनच विनाकारण उपाशी ठेवू नये, नळ्या कमी घालाव्यात, वेदना आधीच आटोक्यात ठेवाव्यात आणि रुग्णाला त्याच दिवशी उठवावे ही शिस्त जगभर आली. आम्ही तीच पाळतो. म्हणून आदल्या दिवशी फोनवर "सकाळी सहापर्यंत पाणी प्या" असे सांगितले तर आमची सिस्टर चुकली असे समजू नये, आणि खरोखरच पाणी प्यावे.

पण पाणी म्हणजे चहा नव्हे. सगळा घोटाळा इथेच आहे. दूध वाटीत पातळ दिसते, पण जठरातल्या आम्लाशी गाठ पडताच ते फाटते आणि त्याचा दह्यासारखा गोळा होतो. हा गोळा पोटातून पाण्याच्या नव्हे, तर अन्नाच्या गतीने पुढे जातो, आणि म्हशीच्या दुधातील स्निग्धांश ती गती आणखी मंदावतो. ज्या कोल्हापुरात संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी समोर पिळून दुधाचा पेला हातात देतात, तिथे दुधाला जेवण म्हणा असे सांगणे जड जाते, हे आम्हाला कळते. दूध हे आपल्याकडे औषध, प्रसाद आणि पाहुणचार एकदमच आहे.

दोन वर्षांपूर्वी राधानगरीकडच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांची हर्नियाची शस्त्रक्रिया सकाळी आठला होती. "चहा घेतला का?" असे त्यांना रिसेप्शनवर विचारले, वॉर्डात विचारले, थिएटरच्या दारातही विचारले, आणि तिन्ही वेळा त्यांनी "नाही" म्हटले. भूलतज्ज्ञांनी सहज "मग काका, घरातून निघताना काहीच घेतलं नाही?" असे म्हटल्यावर ते म्हणाले, "च्या नाही घेतला, डॉक्टर. धारेचं दूध तेवढं तांब्याभर प्यालो." ते खोटे बोलले नव्हते. आमचा प्रश्नच चुकला होता. त्या दिवसापासून आमच्याकडे "चहा घेतला का" असे कोणी विचारत नाही. "उठल्यापासून तोंडात काय काय गेले" असे विचारले जाते आणि उत्तर वेळेसह फाइलवर लिहिले जाते.

आदल्या रात्रीच्या जेवणाचीही अशीच गंमत होते. उद्यापासून पथ्य, म्हणून आज रात्री तांबडा-पांढरा होऊन जाऊ दे, असा विचार कोल्हापुरात कोणाच्या मनात आला तर आम्ही त्याला दोष देणार नाही. पण रात्री साडेअकराला संपलेले मटणाचे जेवण सकाळी सातच्या शस्त्रक्रियेला चालत नाही. आखाडात तर हे हमखास घडते. रस्सा खायचाच असेल तर दोन दिवस आधी खावा. आदल्या रात्री आठच्या आत भात-आमटी किंवा भाकरी आणि पालेभाजी पुरे.

आता वेळेचा हिशेब पाहा. शस्त्रक्रिया आठला आहे आणि रुग्णाने साडेसहाला अर्धा कप चहा आणि दोन मारी बिस्किटे घेतली. सहा तास मोजले तर त्याला साडेबाराच्या आत भूल देता येत नाही. पण सकाळी थिएटरमध्ये चार शस्त्रक्रिया ओळीने लागलेल्या असतात, आणि मागचे तिघे वेळेवर उपाशी आलेले असतात. त्यांना पुढे घेतले तर उपकरणांची मांडणी बदलावी लागते, आणि भूलतज्ज्ञांचे दुपारचे दुसरीकडचे काम आधीच ठरलेले असते. अशा वेळी आम्ही चहा घेतलेल्या रुग्णाला शेवटच्या पाळीला नेतो किंवा दुसरी तारीख देतो, आणि मग "अर्धा कप चहासाठी एवढा बाऊ" असे बोलणे ऐकतो. ते आम्ही ऐकून घेतो, पण वेळ कमी करत नाही. तारीख बदलल्याबद्दल दंडही घेत नाही. उघडलेल्या निर्जंतुक साहित्याचा खर्च तेवढा बिलात दाखवला जातो. यावर दुसरीकडे जाऊ म्हणणाऱ्यांनी एवढे जाणावे की जिथे चहा घेऊनही लगेच टेबलावर घेतात तिथे काम झटपट होते हे खरे, पण आमच्या घरचे माणूस आम्ही तिथे झोपवणार नाही.

चहा घेतला गेलाच तर तो लपवू नये. आमच्याकडे जठर पाहण्यासाठी सोनोग्राफी आहे आणि शंका वाटली तर भूलतज्ज्ञ पोट रिकामे आहे का हे दोन मिनिटांत पाहतात. मात्र खरे सांगितलेल्या वेळेची जागा ती घेऊ शकत नाही. तीनतीनदा तेच विचारल्याचा राग येणाऱ्यांसाठी सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेपूर्वी मोठ्याने वाचायची एक तपासणी यादी दिली. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिल्यावर गुंतागुंतींचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. नाव, बाजू आणि अॅलर्जी आम्ही त्या यादीप्रमाणे पुन्हा पुन्हा विचारतो. खाण्यापिण्याचा प्रश्न त्यात आम्ही जोडला आहे.

गेल्या काही वर्षांत औषधांमुळेही उपाशी राहण्याचा हिशेब बदलला आहे. वजनासाठी किंवा मधुमेहासाठी सेमाग्लुटाइड अथवा टिर्झेपाटाइड घेणाऱ्यांचे पोट सावकाश रिकामे होते, त्यामुळे वेळेवर उपाशी राहूनही आत अन्न उरलेले असू शकते. यांतले औषध कोणी घेत असेल, मग ते मित्राच्या सांगण्यावरून का असेना, तर पहिल्याच भेटीत सांगावे. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या सहसा शस्त्रक्रियेआधी तीन दिवस थांबवाव्या लागतात, कारण उपाशी पोटी त्यांच्यामुळे साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकते. कोणतीही गोळी मनाने बंद करू नये; बीपीची, रक्त पातळ करणारी आणि मधुमेहाची औषधे पाकिटांसह आणावीत. "पांढरी लहान गोळी" एवढ्यावरून आम्हाला काही ओळखता येत नाही.

आणखी थोडे. घरी ब्लेडने केस काढून येऊ नये. ब्लेडने त्वचेवर बारीक जखमा होतात आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून लागलेच तर आम्ही इथे क्लिपरने केस काढतो. मिश्री, तंबाखू आणि गुटखा त्या सकाळी पूर्ण बंद. विडी-सिगारेट शक्य तर चार आठवडे आधी सोडावी, जखम त्याने चांगली भरते. परत जाताना सोबत एक मोठे माणूस हवे, आणि भुलेनंतर चोवीस तास मोटारसायकल चालवू नये.

आदल्या संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान आमच्या सिस्टरचा फोन येतो. त्या प्रत्येक रुग्णाची वेळ सांगून शेवटचे जेवण किती वाजता आणि शेवटचे पाणी किती वाजता हे लिहून घ्यायला लावतात. लहान मुलांना आम्ही पहिली पाळी देतो आणि अंगावर पिणाऱ्या बाळासाठी आईचे दूध चार तास आधी थांबवायला सांगतो. हा फोन आला नाही तर आठनंतर आम्हाला जरूर फोन करावा, त्याचे पैसे पडत नाहीत. सोबत आलेल्यांनी चहाचा थर्मास आणायला हरकत नाही, तो फक्त रुग्णाच्या खोलीत ठेवू नये. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण नीट जागा झाला, मळमळ नसली आणि पाणी पचले की बहुतेकांना त्याच दुपारी चहा मिळतो, दुधाचाच, आणि तो आमच्याकडून असतो.