पोफळ, पिनांग आणि मागणी

लग्न ठरलं की आपल्याकडे 'सुपारी फुटली' म्हणतात. मलाय भाषा याच्याही पुढे गेली आहे. तिथे सुपारीला पिनांग म्हणतात आणि मुलीला मागणी घालण्याला 'मेमिनांग'. 'मे' हा उपसर्ग लागला की शब्दाच्या सुरुवातीचा 'प' जातो आणि त्याच्या जागी 'म' येतो, एवढंच त्यातलं व्याकरण. मराठीत तसं करायचं तर 'सुपारणे' असं क्रियापद पाडावं लागेल. एका झाडाचं फळ थेट क्रियापद होऊन बसलं, तर त्याआधी ते लोकांच्या घरात किती खोलवर रुजलं असेल?

वनस्पतिशास्त्रज्ञ पोफळीचं मूळ फिलिपिन्स आणि मलाय द्वीपसमूहाच्या पट्ट्यात मानतात. फिलिपिन्सच्या पालावान बेटावर दुयोंग नावाची गुहा आहे. तिथे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दफनातल्या माणसाचे दात विड्याने रंगलेले सापडले आणि शेजारी चुना ठेवलेले शिंपलेही. म्हणजे पान, सुपारी आणि चुना हे त्रिकूट तेव्हाच जमलेलं होतं. चिनी भाषेतला 'बिनलांग' हा सुपारीचा शब्द पिनांगवरूनच गेलेला. आपला 'पोफळ' मात्र संस्कृत 'पूगफल'मधून आला, आणि अरबांचा 'फौफल'ही त्याच घरातला.

नकाशावरही हे झाड उगवलं आहे. मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं पुलाऊ पिनांग म्हणजे सुपारीचं बेट. पंधराव्या शतकातल्या झेंग ह या चिनी दर्यावर्दीच्या सफरींशी जोडल्या जाणाऱ्या चिनी नौकानकाशावर ते 'बिनलांग यू' या नावाने दिसतं, अर्थ तोच. 11 ऑगस्ट 1786 रोजी फ्रान्सिस लाइटने ईस्ट इंडिया कंपनीसाठी बेट ताब्यात घेतलं आणि त्याला 'प्रिन्स ऑफ वेल्स आयलंड' असं भारदस्त नाव दिलं. ते कागदावरच राहिलं. आज पिनांग राज्याच्या झेंड्यावर मधोमध पोफळच आहे. इंडोनेशियातल्या तांजुंगपिनांग आणि पांकालपिनांग या शहरांची नावंही याच गोतावळ्यातली.

आता त्या मागणीकडे. मुलाकडची मंडळी मुलीच्या घरी येतात, चटया अंथरून दोन्ही बाजू समोरासमोर बसतात. मधे ठेवलेली असते 'तेपाक सिरीह', म्हणजे विड्याची पेटी. लाकडी किंवा पितळी, वर बहुधा मखमलीचं आच्छादन. एका कप्प्यात देठं एका बाजूला करून रचलेली नागवेलीची पानं, दुसरीकडे 'चेंबुल' नावाच्या छोट्या झाकणाच्या डब्या. एकीत कातरलेली सुपारी, एकीत चुना, एकीत गांबीर, एकीत तंबाखू. गांबीर हे त्याच नावाच्या वेलीच्या पानांचा अर्क आटवून करतात, विड्यातलं त्याचं काम आपल्या काताचंच. शेजारी 'काचिप', म्हणजे अडकित्ता. जुन्या काचिपांची डोकी घोड्याची नाहीतर पक्ष्याची घडवलेली असतात. पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ती ओळखीची वाटतील.

पेटी पुढे सरकवल्याशिवाय कुणी विषयाला हात घालत नाही. विड्याला तिथे म्हणतातच 'सिरीह पेंबुका काता', बोलणं उघडणारं पान. मग दोन्हीकडचे बोलणारे पुढे होतात आणि आडवळणाने, बऱ्याचदा पांतुन या मलाय पद्यप्रकाराच्या चार ओळींत, बोलू लागतात. 'आमच्या मुलाला तुमची मुलगी द्या' असं सरळ म्हणणं हा अडाणीपणा. मुलीकडच्यांनी विडा स्वीकारला की बोलणी पुढे जातात.

प्रत्येक जिनसाला अर्थही लावलेले आहेत. पान म्हणजे नम्रता, सुपारी म्हणजे चांगलं कूळ, गांबीर म्हणजे सोसण्याची ताकद, तंबाखू म्हणजे धीटपणा. चुना म्हणजे स्वच्छ मन, पण डिवचलं तर पोळणारं. हे इतकं चोख जुळतं की अर्थ मागाहून बसवले असावेत अशी मला शंका येते. चुन्याचा अर्थ मात्र लावणाऱ्याने तोंड भाजून घेऊनच लावला असणार.

नवरा-नवरी शोभून दिसली की 'जणू दोन फाका केलेली सुपारी' म्हणायचं: 'बागाई पिनांग दिबलाह दुआ'. अडकित्त्याने नीट कापलेल्या सुपारीच्या दोन्ही फाकांवर तीच पांढरी-तपकिरी नक्षी उमटते, ती ज्याने पाहिली आहे त्याला ही म्हण उलगडून सांगायला नको. दुसऱ्या एका म्हणीत सुपारी आपल्या देठाच्या टोपीत परत जाऊन बसते. तीही जोडी जुळल्याचीच खूण.

विडा दरबारातही होता. पेराकच्या सुलतानाच्या राजचिन्हांत सोन्याची विड्याची पेटी आहे. आणि दात गेलेल्या आजीसाठी होता 'गोबेक': बारीक नळकांडं आणि त्यात वरून ठेचायचा दांडा. आपल्याकडच्या म्हाताऱ्या खलबत्त्यात पान कुटत, तीच गरज, भांडं तेवढं वेगळं.

फळाबाहेरचं झाडही वाया जात नसे. झावळीच्या बुडाशी खोडाला लपेटलेला जो रुंद, चिवट भाग असतो, कोकणात ज्याला विरी म्हणतात, तो मलायांचा 'उपिह'. त्याचा पाणी काढायचा डोलचा करत, त्यात अन्न बांधत. सिंगापूरमध्ये काही ठेल्यांवर तव्यावरच्या शेवया आजही त्यात बांधून मिळतात, गरम शेवयांना त्याचा हलका वास लागतो. पोरांसाठी ती गाडी होती: एकाने विरीवर बसायचं, दुसऱ्याने पात्याचं टोक धरून अंगणभर फरफटत न्यायचं. बागायतीत वाढलेल्या कोकणातल्या वाचकाला हा खेळ समजावायला नको.

तुरा, म्हणजे 'मायांग', याची गोष्ट निराळी. पूर्व किनाऱ्यावरच्या तेरेंगानूमध्ये 'उलेक मायांग' नावाचा नाच आहे. समुद्राच्या राजकन्यांनी कोळ्याचा जीव ओढून नेला आणि मांत्रिकाने पोफळीचा तुरा हाती घेऊन तो परत मिळवला, अशी त्यामागची कथा. आज तो रंगमंचावर होतो, पण मूळचा तो आजाऱ्याला बरं करण्याचा विधी.

इंडोनेशियात 17 ऑगस्टच्या स्वातंत्र्यदिनी पोफळीच्या खोडाला तेल-वंगण फासून वर बक्षिसं टांगतात आणि पोरं एकमेकांच्या खांद्यांवर चढून ती काढतात. दहीहंडीच म्हणायची, फक्त निसरडी. खेळ डच काळातला. साहेबलोक खाली उभे राहून मजा बघत, म्हणून तो बंद करा म्हणणारेही आहेत.

चघळणं मात्र ओसरलं. विसाव्या शतकात सिगारेट आली, लाल थुंकी गावंढळ ठरली. 2004 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तंबाखूशिवायची सुपारीही कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष छापला. मलेशियात आता ही सवय मुख्यतः खेड्यातल्या वयस्कर बायकांत आणि मळ्यांवरच्या भारतीय वंशाच्या कुटुंबांत उरली आहे, आणि तोंडाच्या कर्करोगाचं ओझंही या भारतीयांवरच जास्त पडतं.

तेपाक सिरीह मात्र साखरपुड्यात सगळ्यात पुढे असते. आता ती भाड्यानेही मिळते, कृत्रिम फुलांनी सजवलेली. कुणी त्यातलं पान तोंडात घालेल अशी अपेक्षा नसते, काही पेट्यांत तर पानंही कापडाची असतात. तरी ती पुढे सरकवली जाते, आणि आलेली मंडळी 'मेमिनांग'साठीच आलेली असतात.