तेल नको, निचरा हवा

माझ्या आत्याचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, तेव्हा उजव्या काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. टाके सुकले, किमो आटोपली, आत्या साक्री तालुक्यातल्या आपल्या घरी परतली. आठ-नऊ महिन्यांनी, कापूस वेचणीच्या दिवसांत, तिच्या उजव्या हातातल्या बांगड्या रुतायला लागल्या. शेजारच्या म्हातारीपुढे हात धरून ती म्हणाली, "जिजी, मना हात सुजी गया, चोयी दे ना." जिजीने तेल कोमट केलं आणि मनगटापासून दंडापर्यंत हात चांगला रगडून काढला. संध्याकाळी हात लाल झाला होता आणि सकाळपेक्षा जड.

जिजीच्या हातांनी आमच्या घरातली चार बाळं न्हाऊन-चोळून मोठी केली आहेत, तेव्हा तिला नावं ठेवायचा प्रश्नच नाही. पण ही सूज वेगळी होती, निचरा तुंबल्याने येणारी, जिला डॉक्टर लिम्फिडिमा म्हणतात, आणि तिच्यावरचा मसाजही वेगळाच असतो. इतका हलका की पाहणाऱ्याला वाटावं, बाई नुसती हात फिरवतेय, पैसे कशाचे घेते?

शरीरातल्या सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांमधून, म्हणजे केशवाहिन्यांमधून, पाणी सतत झिरपत असतं. पेशींना अन्न-पाणी पोहोचतं ते असंच. झिरपलेलं सगळं पाणी थेट रक्तात परतत नाही. रोज काही लिटर मागे उरतं. शिवाय त्याच्याबरोबर प्रथिनंही निसटलेली असतात आणि त्यांना तर आल्या वाटेने परत जाता येत नाही. हे सगळं गोळा करून रक्तात नेऊन सोडणाऱ्या वाहिन्या म्हणजे लसिकावाहिन्या, आणि त्यांतला द्रव म्हणजे लसिका किंवा लिम्फ.

पांझरा नदीकाठच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे, कारण त्याने फड, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी वाटून घ्यायची जुनी पद्धत, पाहिलेली असते. नदीवरच्या बंधाऱ्यातून पाटाला पाणी येतं, पाटातून चारीला, चारीतून सारंगांनी, म्हणजे आणखी बारक्या चाऱ्यांनी, शेतात. आणि जास्तीचं पाणी सांडमाने नाल्याला लागतं. पाटकरी पाणी किती सोडतो यावर गावात भांडणं होतात, सांडमाकडे मात्र तो तुंबल्याशिवाय कुणी बघत नाही. लसिकासंस्थेचंही तसंच. विल्यम हार्वेने रक्ताभिसरणावरचं पुस्तक 1628 साली छापलं, ते शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्याच्या सहाच वर्षं आधी, 1622 मध्ये, इटलीतल्या गास्पारे आसेली यांना कुत्र्याच्या आतड्यांजवळ दुधासारख्या पांढऱ्या वाहिन्या दिसल्या होत्या. त्यांचं नाव किती जणांनी ऐकलंय?

लसिकेला ढकलायला हृदयासारखा पंप नाही. मोठ्या लसिकावाहिन्यांच्या भिंती स्वतःच मिनिटाला काही वेळा आकुंचन पावतात, आतल्या झडपा पाणी मागे येऊ देत नाहीत, बाकीचं काम स्नायूंची हालचाल आणि खोल श्वास करतात. वाटेत लसिकाग्रंथींच्या चौक्या लागतात. पायाला काटा लागून पिकला की जांघेत अवधाण येतं, ती सुजलेली लसिकाग्रंथीच. काखेत अशा वीस-तीस ग्रंथी असतात. सगळा प्रवाह शेवटी गळ्याच्या हाडामागे, मानेच्या बुडाशी, मोठ्या शिरेत उतरतो. हे ठिकाण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कर्करोग पसरलाय का हे पाहायला आणि पसरला असेल तर काढून टाकायला काखेतल्या ग्रंथी काढाव्या लागतात. पूर्ण काढल्या तर साधारण पाचातल्या एका बाईला पुढे हाताची सूज येते, बहुतेकींना पहिल्या दोन वर्षांत. आता शक्य असेल तिथे आधी फक्त पहाऱ्यावरच्या, म्हणजे स्तनातली लसिका सर्वांत आधी जिथे पोहोचते त्या, एक-दोन ग्रंथी काढून तपासतात. त्यात हा धोका वीसात एकीच्या आसपास उतरतो. निचऱ्याची वाटच कापली गेल्यावर पाणी साठतं आणि प्रथिनं तिथेच अडकतात. चिबड जमिनीत पाणी उडून गेलं तरी क्षार मागे राहतात आणि जमीन खारपड होते, तसंच इथे घडतं. सुरुवातीला बोटाने दाबलं की खळगा पडतो आणि हात उंच ठेवून झोपलं की सूज उतरते. दुर्लक्ष केलं तर आत तंतू आणि चरबी साठत जाते, कातडी घट्ट होते, मग खळगाही पडत नाही आणि सूजही उतरत नाही. हत्तीपायात तेच होतं, फक्त तिथे वाट सुरीने कापलेली नसते, डासांतून आलेल्या जंतांनी बिघडवलेली असते.

आता मसाज. सर्वांत बारीक लसिकावाहिन्या कातडीच्या अगदी खाली असतात. त्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींवर कौलांसारख्या टेकलेल्या असतात आणि बारीक तंतूंनी आजूबाजूच्या ऊतींना बांधलेल्या असतात. कातडी हळूच ताणली की तंतू ओढले जातात, फटी उघडतात आणि पाणी आत शिरतं. जोर लावून दाबलं तर त्या नाजूक वाहिन्याच मिटतात. शिवाय रगडण्याने तिथलं रक्त वाढतं, म्हणजे पाझरही वाढतो. जिजीच्या हाताखाली हेच झालं. तेल न लावण्याचं कारणही हेच: तेलावरून हात घसरतो, आणि इथे हात घसरायला नको, कातडी ताणायला हवी.

सुरुवात कुठून करायची, हे तर त्याहून महत्त्वाचं. सुजलेल्या हातापासून नाही. आधी मान आणि गळ्याच्या हाडावरचा खळगा, मग पोटातून खोल श्वास, मग दुसऱ्या बाजूची चांगली काख, छाती-पाठीवरून तिकडे जाणारी वाट, त्यानंतर दंड आणि सगळ्यात शेवटी पंजा. नाल्याचं तोंड गाळाने भरलेलं असताना वरून पाणी ढकललं तर ते शेजाऱ्याच्या वावरात शिरणार, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

ही पद्धत रूढ केली एमिल व्होडर या डॅनिश गृहस्थाने. बायको एस्ट्रिडबरोबर फ्रान्समध्ये काम करताना त्यांनी ती बसवली आणि 1936 मध्ये पॅरिसमध्ये लोकांपुढे मांडली. पुढे जर्मनीत तिला हातावर आवळून बांधायच्या पट्ट्या, व्यायाम आणि त्वचेची निगा यांची जोड मिळाली. माझ्या मते खरं औषध ही जोडच आहे. मसाजने हलवलेलं पाणी पट्टी नसेल तर परत येऊन बसतं. वेगवेगळ्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2015 च्या आढाव्याचा सूर असाच होता: मसाज सुरक्षित आहे, पट्टीच्या जोडीला थोडा जास्त फायदा देऊ शकतो, विशेषतः सूज सौम्य असताना. थोडा. मोबाईलवरच्या जाहिराती "विषारी द्रव्यं बाहेर काढतो" म्हणतात ते सोडून द्या, त्या कामाला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत.

मग गुडघा बदलल्यावर, सिझेरियननंतर, हर्नियानंतर? तिथे ग्रंथी शाबूत असतात. चिरलेल्या लसिकावाहिन्या काही आठवड्यांत पुन्हा जुळतात आणि सूज आपोआप ओसरते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मसाज दिलेल्यांचा गुडघा जरा जास्त वाकला असं 2013 च्या एका चाचणीत दिसलं, पण सुजेत फारसा फरक नव्हता. परवडत असेल आणि बरं वाटत असेल तर घ्यावा. पण ओट्यावर दोन फेऱ्या मारणं फुकट आहे आणि पोटरीच्या स्नायूइतका चांगला पंप कुणाच्या हातात नाही.

एका ठिकाणी मात्र हात अजिबात लावू नये. ऑपरेशननंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर शिरेत गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. थंडी-ताप येऊन कातडी लाल झाली असेल, किंवा हृदय वा मूत्रपिंडं थकलेली असतील, तरीही हा मसाज डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

आत्याला फिजिओथेरपिस्टने तीन आठवडे रोज मसाज करून पट्ट्या बांधल्या, नंतर घट्ट बाही दिली. बाहीवरून मे महिन्यात घरात रोज वाद. धुळे-जळगावच्या पंचेचाळीस अंशांत दंडापर्यंत घट्ट कापड घालून बघा म्हणजे कळेल. पण उन्हाने सूज वाढते, म्हणजे जेव्हा बाही नकोशी वाटते तेव्हाच ती सर्वांत गरजेची. तिने तोड काढली: बाहीवर ओलं पातळ फडकं गुंडाळते आणि दुपारी घराबाहेर पडत नाही. कापूस वेचताना बोंडांचे काटे टोचतात म्हणून हातमोजे, आणि भरताची वांगी भाजायला आता सून बसते. साधा ओरखडा किंवा चटकाही त्या हातात पिकायला वेळ लागत नाही. "हंडा उचलू नको" हा जुना सल्ला मात्र तिच्या डॉक्टरांनी मोडीत काढला. 2009 च्या एका मोठ्या चाचणीत हळूहळू वजन वाढवत व्यायाम करणाऱ्या बायकांची सूज वाढली नाही, उलट त्रास कमी झाला. हळूहळू, एवढीच अट.

घरात एक शिंप्याची टेप आणि वही आहे. दर रविवारी दोन्ही हातांची मापं त्याच त्याच जागी घेतली जातात. दोन हातांत दोन सेंटिमीटरहून जास्त फरक दिसला की फोन करायचा.

शेजारच्या गावातली एक बाई तिला विचारत होती, चांगला मसाज करणारी ओळखायची कशी. आत्या म्हणाली, पहिल्यांदा हात कुठे लावते ते बघ. मनगटाला लावला तर उठून ये.