मॉडिफाय केलेली जुनी स्पोर्ट्स कार: आधी गाडी ओळखा, मग व्हिंटेजचा अर्ज भरा

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्राकाम करणाऱ्या एका मिस्त्रींच्या शेडमध्ये एक लाल गाडी बघितली. बुटकी, दोनच सीटची, वर टप नाही, बोनेटवर ‘स्पिटफायर’ असा बिल्ला. मालक तिशीतला पोरगा, गाडी त्याच्या आजोबांची. व्हिंटेज नोंदणीसाठी त्यानं केलेला अर्ज एका कार्यालयातून परत आला होता आणि शेऱ्यात एकच शब्द होता, ‘मिसमॅच’. काय जुळत नाही, कशाशी जुळत नाही, पुढं काय करायचं, यातलं काहीच लिहिलेलं नाही. एवढ्या शेऱ्यावर माणसानं काय समजायचं? अशी चार-पाच माणसं माझ्याकडं येऊन गेली, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

त्या पोराची चूक एकच होती. गाडी जशी दिसते तसा त्यानं अर्ज भरला. आरटीओचे कागद बॉडीवरून चालत नाहीत, चासीवरून, म्हणजे बॉडीखालच्या सांगाड्यावरून चालतात. त्याच्या १९६६ सालच्या आरसी बुकात ‘स्टँडर्ड हेराल्ड, सलून’ (सलून म्हणजे बंद टपाची गाडी) लिहिलं होतं आणि अर्जात त्यानं लिहिलं ‘ट्रायम्फ स्पिटफायर’.

हा घोळ होण्यासारखाच आहे. ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडची. तीच गाडी १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्समध्ये ‘स्टँडर्ड हेराल्ड’ नावानं बनू लागली. स्पिटफायर १९६२ साली इंग्लंडात आली, ती हेराल्डचीच चासी आखूड करून. दोन्हींचं डिझाइन जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाचं. हेराल्डची चासी वेगळी आणि बॉडी तिच्यावर बोल्टनं बसवलेली असते. त्यामुळं बॉडी उतरवून दुसरी घडवणं चांगल्या मिस्त्रीला जमण्यासारखं होतं. आपल्याकडं लेथ आणि पत्राकामाची परंपरा असल्यावर हौशी मालकांनी असं एखादं काम करून घेतलं असेल, तर त्यात नवल नाही. दसऱ्याला संस्थानची जुनी मेबॅक मोटार बघायला दसरा चौकात गर्दी करणारं हे गाव आहे. पण अशी गाडी जगात एकच असते. तिचं चित्र कुठल्याच माहितीपुस्तकात मिळत नाही, त्यामुळं ओळख गाडीच्या अंगावरूनच पटवावी लागते.

सुरुवात टेपनं करा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा. हेराल्डमध्ये हे अंतर साडेएक्क्याण्णव इंच, स्पिटफायरमध्ये त्र्याऐंशी. त्या लाल गाडीला टेप लावली तर साडेएक्क्याण्णव भरलं, म्हणजे चासी हेराल्डचीच आणि न कापलेली. बिल्ला कुणीतरी नंतर हौसेनं लावलेला. अंतर त्र्याऐंशीच्या आसपास आलं तर गाडीखाली जाऊन चासीवर वेल्डिंगचे जोड दिसतात का ते बघा. जोड असतील तर ती कापून आखूड केलेली हेराल्ड असण्याची शक्यता मोठी, आणि तिचा प्रश्न जास्त अवघड आहे.

मग नंबर. इंग्लंडात बनलेल्या या गाड्यांना ‘कमिशन नंबर’ची पट्टी असते आणि तोच गाडीचा नंबर. इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो. स्पिटफायरच्या पहिल्या दोन मॉडेलांचे नंबर एफसी अक्षरांनी सुरू होतात, तिसऱ्याचे एफडीनं, चौथ्याचे एफएचनं. इंजिन नंबराच्या शेवटी बहुतेक वेळा एचई ही अक्षरं असतात. इथं बरेच जण उगाच घाबरतात. ट्रायम्फमध्ये कमिशन नंबर आणि इंजिन नंबर यांचे आकडे कारखान्यातून निघतानाच वेगवेगळे असत. ते एकमेकांशी जुळायची गरजच नाही. दोन्ही आरसीशी जुळले पाहिजेत, बास.

नंबर दिसत नसेल तर रॉकेलात भिजवलेलं फडकं आणि जुना टूथब्रश घ्या. ग्राइंडर लावू नका, पॉलिश पेपरसुद्धा नको. त्या शेडमध्ये अर्धा तास हळूहळू घासल्यावर मळीखालून एकेक आकडा वर आला. शेवटचा आकडा तीन आहे की आठ हे ठरेना, म्हणून त्यावर शिसपेन्सिलीची पूड चोळली, वर सेलोटेप दाबली आणि उचलून पांढऱ्या कागदावर चिकटवली. आठच्या डाव्या बाजूचा बारीक वळसा तेव्हा कुठं दिसला. हा छाप अर्जासोबत ठेवायचाच असतो, त्यामुळं दोन-तीन काढून ठेवा. आणि हात जोडून सांगतो, पुसट झालेला नंबर स्वतः पुन्हा ठोकून घेऊ नका. परवानगीशिवाय ठोकलेला नंबर म्हणजे चोरीच्या गाडीचा संशय, आणि तो मनातून काढायला वर्षं जातात.

आता पात्रता. व्हिंटेज नोंदणीचे नियम केंद्रानं जुलै २०२१ मध्ये आणले. गाडी दुचाकी किंवा चारचाकी असावी आणि ५० वर्षांहून जुनी असावी. ही ५० वर्षं पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, कारखान्यातून बाहेर पडल्यापासून नाही. गाडी १९७३ ची असेल आणि पहिलं पासिंग १९७७ चं, तर २०२७ पर्यंत थांबावं लागतं. दुसरी अट कडक आहे. गाडी मूळ रूपात पाहिजे, म्हणजे चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. गाडी तपासून पात्र की अपात्र हे राज्यानं नेमलेली समिती ठरवते.

म्हणजे हातानं बॉडी घडवलेली एकमेव गाडी, कितीही देखणी असली तरी, या अटीत अडकते. हे सांगताना मलाही वाईट वाटतं. साठ वर्षांपूर्वीचं ते कसब हाही इतिहासच आहे. पण नियम त्याला मूळ रूप म्हणत नाही आणि अर्जात तो बदल लपवला तर समितीसमोर पाच मिनिटांत उघडा पडतो.

मग अशा गाडीनं कुठं जायचं? नेहमीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाकडं, फॉर्म २५ घेऊन. तिथं प्रश्न येतो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा. कारखान्यानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला हे कलम मनाई करतं आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. बदल आज केला असेल तर वाट जवळपास बंद आहे. बदल तेव्हाच, १९३९ चा जुना कायदा असताना झाला आणि त्याची नोंद तेव्हाच झाली असेल, तर तुमच्या हातात काहीतरी आहे. जवळपास कुणाकडंच नसतो असा कागद म्हणजे ही बदलाची नोंद. आरसी बुकाचं पहिलं पान सगळे जपतात, मागची पानं कुणी उघडत नाही. त्या पोराच्या बुकाची मागची दोन पानं ओलीनं एकमेकांना चिकटली होती. पोस्टकार्डाची कड घालून सावकाश सोडवली, तर आत जांभळ्या शिक्क्याखाली १९६९ ची ओळ होती: सलून काढून दोन सीटची उघडी बॉडी. आजोबांनी रीतसर नोंद केली होती आणि घरात ते कुणाला माहीतच नव्हतं. ही नोंद गाडीला व्हिंटेज करत नाही, पण बदल बेकायदा नव्हता हे सांगते. बुकात नोंद नसेल तर पहिली नोंदणी झालेल्या कार्यालयात लेखी अर्ज करून गाडीच्या पर्टिक्युलर्सचा, म्हणजे नोंदीतल्या तपशिलाचा, उतारा मागा.

गाडी मूळ रूपात असेल तर व्हिंटेजचा अर्ज सोपा आहे. परिवहन पोर्टलवर फॉर्म २०, विमा, आधीपासून भारतात नोंदलेल्या गाडीचं जुनं आरसी, आयात गाडी असेल तर बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सचा आयातीचा कागद), आणि फी २०,००० रुपये. प्रमाणपत्र फॉर्म २३ए मध्ये मिळतं, १० वर्षं चालतं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. जुना नंबर ठेवता येतो, नव्यानं नोंदणी असेल तर व्हीए मालिकेतला मिळतो. गाडी रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच.

आयात गाडीवाल्यांसाठी एक. ब्रिटिश गाड्यांच्या कारखान्याच्या नोंदी गेडन इथल्या ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टकडं आहेत. कमिशन नंबर कळवला की बांधणीची तारीख, मूळ इंजिन नंबर, रंग आणि गाडी कुठल्या देशात पाठवली, याचं प्रमाणपत्र मिळतं. ओळख पटवायला ते फार उपयोगी, पण आरसीच्या जागी चालत नाही.

मुदतीत दोन ‘साठ दिवस’ आहेत आणि लोक ते हमखास एकमेकांत मिसळतात. व्हिंटेजमधले साठ दिवस कार्यालयासाठी आहेत, तेवढ्यात त्यांनी प्रमाणपत्र द्यायचं. फॉर्म २५ मधले साठ दिवस तुमच्यासाठी: नोंदणी संपायच्या साठ दिवसांपेक्षा आधी तो अर्ज करता येत नाही. नोंदणी कधीच संपली असेल तर उशिराचा आकार आणि पर्यावरण कर धरून चाला.

आरसी वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर इतर काहीही करण्याआधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्या. मृत्यूची खबर कार्यालयाला ३० दिवसांत द्यायची असते आणि हस्तांतरणाचा अर्ज तीन महिन्यांत. वीस वर्षं उलटली असतील तरी फॉर्म तोच, फक्त दंड आणि बाकी वारसांची संमती जोडा.

तीन अक्षरांच्या जुन्या नंबराच्या गाड्या बऱ्याचदा ‘वाहन’ या नोंदणीच्या सरकारी संगणक प्रणालीत सापडतच नाहीत. ऑनलाइन अर्ज तिथंच थांबतो आणि माणसाला वाटतं आपलंच काही चुकलं. तुमचं काही चुकलेलं नाही. मूळ कार्यालयातून बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद प्रणालीत चढवून, घ्यावी लागते. विम्याची पॉलिसी त्यानंतर काढा, आणि पैसे भरण्याआधी पॉलिसीतला चासी नंबर छापाशेजारी धरून अक्षर न् अक्षर वाचा. शून्य आणि ओ, एक आणि आय यांची अदलाबदल झाली की अर्ज परत येतो.

त्या लाल गाडीचं हस्तांतरण झालंय. फॉर्म २५ ‘स्टँडर्ड हेराल्ड’ म्हणूनच भरलाय, सोबत १९६९ च्या नोंदीची प्रत आणि चासीचा छाप. तपासणीची तारीख यायची आहे. तुम्हीही ताराबाई पार्कातल्या कार्यालयात जाल तेव्हा मूळ बुक सोबत न्या, प्रत्येक पानाची, कोऱ्या पानांचीसुद्धा झेरॉक्स आधी काढा, आणि मूळ बुक जमा करायला सांगितलं तर पावती हातात पडल्याशिवाय सोडू नका.