फोटोला टॅग कसे द्यावेत
ऑनलाइन फोटोसंग्रह ठेवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे लग्नाचे अल्बम येतात, शाळेचे जुने ग्रुप फोटो येतात, गणेश मंडळाच्या पेट्या येतात आणि कास्तकारांच्या मोबाइलमधले पिकाचे फोटोही येतात. ते स्कॅन करणे, स्वच्छ करणे आणि संग्रहात चढवणे हे आमचे काम. पण कोणत्या फोटोला कोणता टॅग, म्हणजे शोधायला उपयोगी पडणारा शब्द, द्यायचा हे ठरवताना आम्हाला तुमची गरज लागते. संगणक आजकाल फोटोतला बैल ओळखतो. तो बैल कोणाच्या गोठ्यातला आणि कोणत्या गावच्या पोळ्यातला, हे फक्त तुम्हालाच माहीत असते.

टॅग लिहिताना पुढे कधीतरी शोधणारा माणूस डोळ्यासमोर ठेवा. तो तुमचा नातू असेल, मंडळाचा पुढचा सचिव असेल किंवा शाळेत नव्याने आलेले मास्तर असतील. त्या दिवशी ते तिथे नव्हते. ते शोधाच्या चौकटीत एक साधा शब्द लिहिणार आणि जे समोर येईल तेवढेच आहे असे समजणार. म्हणून एका गोष्टीला एकच नाव आणि ते दरवेळी एकाच पद्धतीने लिहिलेले, एवढे सांभाळले तरी बरेच काम होते.

समजा, पोळ्याचा फोटो आहे. आखरावर, म्हणजे गावची गुरे जमतात त्या जागी, आंब्याच्या पानांचे तोरण बांधले आहे, खाली जोड्या उभ्या आहेत, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, एका जोडीच्या कपाळावर मठाट्या. या फोटोला बरेच जण ‘जुनी आठवण’, ‘आपली परंपरा’, ‘सुंदर’, ‘गावचा पोळा’ असे टॅग देतात. यातला एकही शब्द कोणी शोधणार नाही, आणि ‘गावचा’ म्हणजे कोणत्या गावचा हे वीस वर्षांनी कोण सांगणार? ‘पोळा’, गावाचे नाव, तालुका, साल, बैलजोडीच्या मालकाचे पूर्ण नाव, ‘तोरण’, ‘मठाटी’ एवढे टॅग पुरतात. बाकीचे जे सांगायचे, म्हणजे त्या वर्षी पाऊस कसा होता, तोरणाखाली पहिला मान कोणाचा, ते टॅगमध्ये कोंबू नका. त्यासाठी फोटोखाली ‘माहिती’ची ओळ आहे. तिथे मनमोकळे लिहा, तो मजकूरही आम्ही जपून ठेवतो.

आता हाच सण कोणी ‘बैलपोळा’ लिहितो, कोणी ‘बैल पोळा’ अशी जागा सोडून, तर कोणी बोलीप्रमाणे ‘पोया’. तिन्ही बरोबरच आहेत, पण संग्रहात त्यांचे तीन वेगळे ढीग होतात. एक मुख्य टॅग ठरवा, समजा ‘पोळा’. उरलेली नावे आम्ही पर्यायी म्हणून त्याला जोडतो, मग कोणी ‘पोया’ शोधले तरी तेच फोटो येतात. दुसऱ्या दिवशीच्या लाकडी बैलांच्या तान्ह्या पोळ्याला मात्र वेगळा टॅग हवा. तो वेगळा सण आहे, मुलांचा आहे, आणि शोधणाऱ्याला तेवढेच फोटो हवे असतात. भंडारा-गोंदियाकडच्या ग्राहकांना आणखी एक विनंती. दिवाळीनंतरच्या मंडईच्या फोटोंना ‘मंडई उत्सव’ असा टॅग द्या. नुसते ‘मंडई’ लिहिले तर बाहेरचा माणूस भाजीबाजार समजतो.

गावांची नावे

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. ‘कारंजा’ एवढेच लिहिले तर वाशीम जिल्ह्यातले कारंजा लाड की वर्धा जिल्ह्यातले कारंजा घाडगे? ‘चांदूर’ म्हटले तर अमरावती जिल्ह्यातच दोन तालुके आहेत, चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार. वडगाव, बोरगाव, पिंपळगाव, हिवरा या नावांची गावे तर कितीतरी. म्हणून गावाला तालुका जोडूनच टॅग करा, गाव कितीही ओळखीचे असले तरी. बोलताना आपण नुसते ‘कारंजा’ म्हणतो, कारण समोरच्याला आपण कुठले ते माहीत असते. शोधणाऱ्याला ते माहीत नसते.

सारख्या नावांचा त्रास आपल्या विदर्भाने फार मोठ्या माणसाच्या बाबतीतही पाहिला आहे. महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहायला आले, त्याचे नाव तेव्हा शेगाव होते. बुलढाणा जिल्ह्यातले गजानन महाराजांचे शेगाव तर सगळ्यांना ठाऊक. नावे सारखी, त्यामुळे टपाल चुकीच्या गावी जाऊ लागले. अखेर १९४० साली वर्ध्याजवळच्या त्या खेड्याचे नाव सेवाग्राम झाले. तुमच्याकडे तिथला १९३८ चा फोटो असेल, तर टॅग ‘सेवाग्राम’ द्या आणि ‘तेव्हाचे नाव शेगाव’ हे माहितीच्या ओळीत लिहा. टॅगमध्ये ‘शेगाव’ टाकाल तर तो गजानन महाराजांच्या मंदिराच्या फोटोंत जाऊन बसेल.

जिल्ह्यांचेही तसेच. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून वेगळा झाला, वाशीम १ जुलै १९९८ ला अकोल्यातून, गोंदिया १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून. चंद्रपूरलाच जुनी माणसे अजून चांदा म्हणतात आणि जुन्या फोटोंच्या मागे तेच लिहिलेले असते. आमचा नियम असा: टॅगमध्ये आजचे नाव आणि आजचा जिल्हा, माहितीच्या ओळीत त्या वेळचा. काही ग्राहकांना हे पटत नाही. इतिहास बदलल्यासारखे वाटते, असे ते म्हणतात. त्यांची भावना समजते, पण शोधणारा आजचा असतो. जुने नाव आपण पुसत नाही, पर्यायी म्हणून ठेवतोच.

माणसांची नावे

‘आजोबा’, ‘मोठी आई’, ‘बापूजी’, ‘भाऊ’ हे टॅग घरात गोड वाटतात. पण एका पिढीचे आजोबा दुसऱ्या पिढीचे वडील असतात. आडनाव, नाव आणि वडिलांचे नाव या क्रमाने पूर्ण लिहा. ‘श्री.’, ‘सौ.’, ‘कै.’ लावू नका, कारण ही विशेषणे काळाप्रमाणे बदलतात आणि प्रत्येक बदलाबरोबर त्याच माणसाचा नवा ढीग तयार होतो. हाक मारायचे नाव पर्यायी म्हणून जरूर द्या. पुष्कळ गावकऱ्यांना तेवढेच माहीत असते.

बायकांच्या नावांकडे विशेष लक्ष द्या, ही आमची कळकळीची विनंती आहे. लग्नात आडनाव बदलते, कित्येक घरांत नावही बदलले जायचे. मग शाळेच्या फोटोतली मुलगी आणि लग्नाच्या अल्बममधली नवरी एकच आहे, हे संग्रहाला कळायला मार्ग नसतो. जुन्या फोटोंमागे तर नुसते ‘अमक्याची बायको’ लिहिलेले सापडते. माहेरचे पूर्ण नाव आणि सासरचे पूर्ण नाव दोन्ही द्या, आम्ही ती एकमेकांना जोडतो. घरात ज्यांना ही नावे माहीत आहेत अशा वडीलधाऱ्या बाईंना एकदा अल्बम घेऊन बसवा. त्या सांगतील तेवढे दुसरे कोणी सांगू शकत नाही.

थोर व्यक्तींच्या बाबतीत आम्ही नावे ठरवून ठेवली आहेत. गाडगे महाराज, गाडगेबाबा, संत गाडगेबाबा अशी एकाच माणसाची तीन नावे संग्रहांत पसरतात. त्यांच्यासाठी आमचा मुख्य टॅग ‘गाडगे महाराज’ आहे, आणि तुकडोजी महाराजांसाठी ‘तुकडोजी महाराज’. तुकडोजी महाराजांची ‘राष्ट्रसंत’ ही पदवी माहितीच्या ओळीत सन्मानाने लिहावी.

टाइप करताना

मराठी टाइप करण्यात काही अडचणी अशा आहेत की डोळ्यांना दिसतच नाहीत. ‘पऱ्हाटी’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ्ह’ दोन रीतींनी टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ‘ऱ’ वापरून होतो, दुसऱ्यावर साधा ‘र’ आणि एक न दिसणारे जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. ‘बँक’मध्ये चंद्रबिंदू येतो, की चंद्र आणि अनुस्वार वेगवेगळे, तिथेही हेच. ‘ॲग्रो’मधला ‘ॲ’ कोणी एका अक्षराने लिहितो, कोणी ‘अ’वर चंद्र ठेवून. टॅग तोच दिसतो आणि फोटो निम्मेच येतात, तेव्हा कारण बहुतेक हेच असते. उपाय सोपा आहे: तोच टॅग पुन्हा पुन्हा टाइप करू नका. दोन-तीन अक्षरे टाकली की खाली सूचना येते, तिच्यातून निवडा.

ऱ्हस्व-दीर्घही एकसारखे ठेवा. ‘दीक्षाभूमी’चे ‘दिक्षाभूमी’ आणि ‘दीक्षाभूमि’ असे प्रकार आम्ही रोज पाहतो. शब्द मूळ रूपात आणि एकवचनात द्या: ‘विहीर’, ‘शाळा’, ‘बंडी’. ‘विहिरीवर’ लिहिले तर ‘विहीर’ शोधणाऱ्याला तो फोटो दिसत नाही, कारण प्रत्यय लागला की ‘ही’चा ‘हि’ होतो.

दोन टॅगांच्या मध्ये स्वल्पविराम द्या. ‘चांदूर रेल्वे’ मध्ये स्वल्पविराम टाकाल तर तुमच्या घरच्या बारशाचा फोटो रेल्वेगाड्यांच्या फोटोंत सापडेल.

आणि डीटीपीवाल्याकडून कृतिदेव फाँटमध्ये यादी करून आणू नका. कागदावर ती मराठी दिसते, पण फाइलमध्ये आत इंग्रजी अक्षरेच असतात आणि संग्रहात ती तशीच उमटतात. युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होते त्या पद्धतीने, टाइप केलेली किंवा सरळ हाताने लिहिलेली यादी चालेल.

पिकांचे फोटो

शेतकरी गट आणि कृषी सेवा केंद्रांसाठी थोडे वेगळे. इथे ढोबळ टॅगने नुकसान होते. ‘बोंडअळी’ एवढे लिहिले तर गुलाबी, हिरवी म्हणजे अमेरिकन, की ठिपक्यांची? २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात कपाशीची वाट लावली. त्या वर्षीचे फोटो आज कोणाला तुलनेसाठी हवे असतील तर ‘गुलाबी बोंडअळी’ आणि ‘खरीप २०१७’ हे दोन टॅग असल्याशिवाय ते निघत नाहीत. अळी ओळखू आली नाही तर अंदाजाने नाव देऊ नका, ‘अळी ओळखायची आहे’ असा टॅग ठेवा. तसे फोटो जाणकाराला एकत्र दाखवता येतात. चुकीचे नाव लागलेला फोटो पुढच्या कास्तकाराला चुकीच्या फवारणीकडे नेतो.

झाडाला ‘कपाशी’, वेचून आणलेल्याला ‘कापूस’, आणि ‘पऱ्हाटी’ हे कपाशीचे पर्यायी नाव, असे आम्ही ठरवले आहे. संत्र्यासाठी ‘आंबिया बहार’ किंवा ‘मृग बहार’ नक्की लिहा. नुसत्या ‘संत्रा’ टॅगच्या शेकडो फोटोंतून बागायतदाराला काही हाती लागत नाही.

तारीख

साल आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे फोटो आपोआप काळाप्रमाणे लागतात. आकडे सगळे मराठी किंवा सगळे इंग्रजी, मिसळू नका. जुन्या फोटोच्या फाइलमध्ये जी तारीख दिसते ती स्कॅन केल्याची असते, तिच्यावर विसंबू नका. नक्की साल माहीत नसेल तर ‘१९७० चे दशक’ असे लिहा. नेमके पण खोटे साल एकदा लागले की कोणी तपासत नाही.

काय टाकू नये

मोबाइल नंबर, आधार क्रमांक, जात आणि आजार टॅगमध्ये आम्ही घेत नाही. संग्रह सर्वांसाठी खुला असेल तर लहान मुलांची पूर्ण नावेही नकोत. शाळेने वर्ग आणि साल एवढेच द्यावे.

आमच्याकडे येताना

एका संग्रहाची टॅगयादी एकाच माणसाने सांभाळावी. मंडळात दहा जण टॅग देऊ लागले की महिनाभरात यादी हाताबाहेर जाते. फोटो कोणीही आणा, नवा टॅग मात्र त्या एकाला विचारूनच यादीत घाला. यादीची छापील प्रत आम्ही प्रत्येक ग्राहकाला देतो. पुढे एखादे नाव बदलावेसे वाटले तर सांगा, एका ठिकाणी बदलले की सगळ्या फोटोंवर बदलते. टॅग आम्ही आयपीटीसी या फोटोची माहिती साठवण्याच्या प्रचलित पद्धतीने फोटोच्या फाइलमध्येही लिहितो. उद्या तुम्ही संग्रह दुसरीकडे नेला तरी टॅग फोटोसोबत जातील. ते तुमचेच आहेत.

मोबाइलमधले फोटो व्हॉट्सॲपवर साधे फोटो म्हणून पाठवू नका. त्यात तारीख आणि ठिकाणाची नोंद गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर आणा. छापील फोटोच्या मागे काही लिहिलेले असेल तर पुसू नका, आम्ही मागची बाजूही स्कॅन करतो. नव्याने लिहायचे असेल तर मऊ पेन्सिलीने आणि हलक्या हाताने लिहा, बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. चिकटलेल्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, अल्बम तसाच घेऊन या.