ऊसतोड कामगारांच्या मुलांचा सहावी ते आठवीत प्रवेश : कागद कोणते आणि कशासाठी अडवता येत नाही

दसरा झाला की बीडकडच्या टोळ्या सांगली, सातारा, कोल्हापूरच्या कारखान्यांकडे निघतात. गावाकडच्या जिल्हा परिषद शाळेचे वर्ग अर्धे होतात आणि कारखान्याजवळच्या शाळेत नवी नावं यायला हवीत, तेवढी येत नाहीत. त्यातही मोठी मुलं आधी निसटतात. बारा वर्षांचं लेकरू कोपीवर (कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीवर) धाकट्याला सांभाळतं, मोळ्या बांधायला हाताशी लागतं, म्हणून त्याची शाळा सुटते.

6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या शाळेत मोफत प्रवेश मिळतो. तो मुलाचा हक्क आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेला शिक्षण हक्क कायदा हेच सांगतो. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. वर्ष अर्ध्यावर आलंय म्हणूनही परत पाठवता येत नाही.

गाव सोडण्याआधी मूळ शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. नव्या शाळेत मुलाची इयत्ता कळायला ते पुरतं. कायमचं स्थलांतर असेल तर शाळा सोडल्याचा दाखला घ्या. मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश रोखू शकत नाही. जन्मदाखला नसेल तर दवाखान्याची किंवा अंगणवाडीची नोंद चालते. तीही नसेल तर पालकांनी वयाचं लेखी निवेदन द्यावं. आधार नसलं तरी प्रवेश होतो.

मध्ये दोन वर्षं शाळा सुटली असेल तरी मूल वयानुसारच्या वर्गात बसतं आणि मागे राहिलेलं भरून काढायला त्याला विशेष प्रशिक्षण मिळतं. तेरा वर्षांच्या मुलीला चौथीत बसवू देऊ नका, ती महिन्याभरात शाळा सोडेल.

प्रवेशाच्या दिवशी घाई असते, तरी जनरल रजिस्टरवरची, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीतली, मुलाची नोंद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. आईचं नाव, आडनावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, जन्मगाव आणि जातीचा रकाना. त्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’ लिहून सोडलेलं मी पाहिलंय. पुढे जातीच्या दाखल्यासाठी हीच नोंद पुरावा म्हणून मागतात, आणि शाळा सोडल्यावर ती दुरुस्त करून घेताना पालकांच्या चपला झिजतात. मूल शाळेत असताना अर्ज आणि पुरावा दिला तर काम बरंच सोपं असतं.

कुणी अडवलंच, तर तोंडी भांडू नका. कोऱ्या कागदावर अर्ज लिहा, एका प्रतीवर पोच घ्या. आधी केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना) भेटा, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना.

हंगाम संपून परतताना या शाळेतल्या हजेरीची आणि झालेल्या अभ्यासाची लेखी नोंद बरोबर न्या, म्हणजे गावी गेल्यावर मूल त्याच वर्गात बसेल.